एकदा लिहिलं हाये ना!

आमच्या सरांना कशाचाही राग येतो, असं कॉलेजात सगळे म्हणायचे. ते खोटं होतं. त्यांना एकाच गोष्टीचा राग यायचा, फक्त ती गोष्ट जिथं तिथं सापडायची. एकच माहिती दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उभी राहायची.

मस्टरवर येताना एक सही आणि जाताना एक सही करायची असते. सर येतानाची करायचे. जातानाचा रकाना वर्षानुवर्षं कोरा. क्लार्कने एकदा अडवलं तर म्हणाले, "आलो होतो हे लिहिलं हाये ना? मंग गेलो बी असंन. इथी झोपतो का मी?" त्या महिन्यात त्यांच्या नावावर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा लागल्या, तरी दुसरी सही त्यांनी केली नाही. बँकेच्या फॉर्मवर वर नाव लिहून झाल्यावर खाली पुन्हा नाव मागितलं असेल, तर खालच्या चौकटीत ते 'वर पाहा' असं लिहायचे. बाई फॉर्म परत करायची, सर नव्या फॉर्मवर पुन्हा 'वर पाहा' लिहायचे, आणि मागची रांग ओरडायला लागायची. पोह्यांच्या टपरीवाल्याने ऑर्डर परत म्हणून दाखवली तरी त्याला बोलणी बसायची. "मी बोललो ते तुले ऐकू आलं का नाई? आलं ना? मंग मले काऊन सांगून राह्यला?"

ते मूळचे सिरोंचाचे. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. राग चढत गेला की मराठी कमी कमी होत तेलुगू यायची. काऊन, म्हणजे 'का', याला तेलुगूत 'एंदुकु'. "एंदुकु रा, एंदुकु?" असं म्हणत ते टेबलावर तळहात आपटायला लागले की शेजारच्या वर्गातले सर शिकवणं थांबवून दार लावून घ्यायचे.

मी त्या कॉलेजात लॅब असिस्टंट होते. चंद्रपूरच्या बाहेर, कोळशाच्या खाणींच्या वाटेवर असलेलं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज. दुपारी खाणीत ब्लास्ट झाला की लॅबच्या काचा वाजायच्या, आणि सकाळी पुसलेल्या की-बोर्डवर संध्याकाळी काळी पूड असायची. मी सिंदेवाहीची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून लागले होते. मशीन सुरू करायच्या, बंद करायच्या, सर्व्हररूमची किल्ली सांभाळायची, एवढंच माझं काम. सर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचे. तास संपले की ते लॅबच्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचे आणि पडद्याशी भांडायचे. मला वाटायचं, मुलांच्या असाइनमेंट तपासतात.

एकदा पाण्याची बाटली ठेवायला गेले तर एकदम माझ्यावर ओरडले, "पाह्य हे! पाह्य, काय करून ठेवलं हाये लोकायनं!"

मी पाहिलं. मला काही कळलं नाही.

"तुले वाचता येते का?"

"येते सर, थोडं."

"मंग बस आणि वाच. उभी राहून काय वाचतं?"

त्या दिवशी त्यांनी मला लिनक्सचा कर्नल दाखवला. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, बाकी सगळे प्रोग्राम त्याच्या जिवावर चालतात. त्यातला एक भाग डिस्कवर कुठली फाइल कुठं ठेवली हे सांभाळतो, त्याला फाइलसिस्टिम म्हणतात. प्रत्येक डिस्कची आणि प्रत्येक फाइलची माहिती ठेवायला तिथं साचे केलेले असतात, आणि साच्यात कप्पे असतात. साच्याला म्हणतात स्ट्रक्चर, कप्प्याला फील्ड. सरांचा छंद असा, की जगभरातल्या लोकांनी लिहिलेल्या त्या स्ट्रक्चरांमधून उगाच ठेवलेली फील्डं शोधायची आणि काढून टाकायची. बदल लिहून ईमेलने पाठवायचा. त्याला पॅच म्हणतात. पलीकडे कुठल्या तरी देशात बसलेला त्या भागाचा जबाबदार माणूस तो वाचतो, पटला तर घेतो.

त्या दिवशीचं फील्ड डिस्कच्या ब्लॉकचा, म्हणजे तिच्या एकेका तुकड्याचा, आकार ठेवत होतं. तोच आकार वरच्या स्ट्रक्चरमध्ये आधीच लिहिलेला होता. डिस्क जोडताना तिथून इथं उतरवून घेतलेला, आणि नंतर कोणी हात न लावलेला.

"किती जागा वाचंल सर, हे काढलं तर?" मी विचारलं.

झालं. तळहात आपटला. "जागेचं कोण बोलून राह्यलं? चार बाइट! चार बाइटसाठी मी इथी बसतो का? अवं, एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली ना, की एक दिवस त्या दोन गोष्टी होतात. कोणीतरी एक बदलते आणि दुसरी विसरते. मंग खरी कोणती? मशीनले ठाऊक नाई. तुले ठाऊक नाई. खोटं बोलायले जागा करून ठेवली हाये ही, जागा!"

ते फील्ड अकरा ठिकाणी वापरलेलं होतं. अकराही ठिकाणं त्यांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मग फील्ड काढलं, अकरा ठिकाणी वरच्या स्ट्रक्चरमधली किंमत वापरली, कर्नल बांधला, चालवला. पॅचसोबत कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलेलं कारण दीड ओळीचं होतं. हे फील्ड डिस्क जोडल्यावर कधीच बदलत नाही, हीच किंमत सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे त्या वरच्या स्ट्रक्चरमध्ये, आहे, म्हणून काढलं. बस. काही दिवसांनी उत्तर आलं, तेही एका शब्दाचं, घेतलं म्हणून. सरांनी ते मला दाखवलं आणि त्या परक्या माणसाबद्दल म्हणाले, "माणूस चांगला हाये. जास्त बोलत नाई."

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं बोललेलं नाही, आणि एवढं शिकवलेलंही नाही. गधडे, बिनडोके, अवं डोळे कुठी ठेवून आली, हे माझे रोजचे. आई विचारायची, तुला तिथं त्रास आहे का? मी म्हणायचे, नाही.

माझा पहिला पॅच मी त्यांना न दाखवता तयार केला होता. डिस्कवर एकूण ब्लॉक किती, हे दोन फील्डांत होतं. मी एक उडवलं. कर्नल बांधला, फाइली लिहिल्या, पुसल्या, सगळं नीट. अभिमानाने त्यांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "डिस्क वापरात असताना मोठी करून पाह्य." मी डिस्कचा आकार वाढवायची आज्ञा दिली आणि मशीन जागेवर थिजलं.

"एंदुकु?" सर म्हणाले.

मला माहीत नव्हतं.

"डिस्क वाढून राह्यली असते तेव्हा एक फील्ड सांगते किती होते, आणि दुसरं सांगते किती होणार हाये. नवीन जागा तयार होईपर्यंत दोन्ही लागतात. बाकी वर्षभर दोन्ही सारखे दिसतात, म्हणून तुले वाटलं सारखेच हायेत. काढायच्या आधी इचारलं का, हे कोणी ठेवलं आणि काऊन ठेवलं? नाई इचारलं! दिसलं, उडवलं! तू आणि ते ऑफिसातले लोक एकच!"

शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण ऑफिसातल्या लोकांबद्दल त्यांचं मत काय आहे हे मला ठाऊक होतं.

कॉलेजात विद्यार्थ्यांच्या नोंदींचं एक सॉफ्टवेअर होतं. संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाने केलेलं. त्यात विद्यार्थ्याचं नाव प्रवेशाच्या नोंदीत एकदा होतं आणि परीक्षेच्या नोंदीत पुन्हा एकदा. प्रवेशाच्या वेळी इकडून तिकडे उतरलं की पुढं दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. सरांनी हे पाहिलं त्या दिवशी ते तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, चालू आहे ना? मग चालू द्या. सरांनी अर्ज लिहिला. परीक्षेच्या नोंदीतलं नाव काढा, एक दिवस कोणा पोराचं वाटोळं होईल, असं त्यात स्पष्ट होतं. मी स्वतः वाचला होता तो अर्ज. माझ्याच लॅबमध्ये बसून लिहिला होता.

"सर, याची एक झेरॉक्स ठेवा," मी म्हटलं. "आणि आवकचा शिक्का घ्या."

"एकदा लिहिलं हाये ना!"

"सर, डिस्कवर सुपरब्लॉकच्या बी प्रती ठेवतातच की. तुम्हीच सांगितलं होतं."

"ते डिस्क खराब झाली तर उघडायले ठेवतात. कर्नल रोज ते वाचत नाई."

"मग ही पण तशीच ठेवा. खराब झालं तर उघडायला."

एक क्षण मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "माणूस डिस्क नाई. त्यायच्या हातात देऊन राह्यलो मी कागद. हातात घेऊन बी नाई म्हणतील का?" आणि अर्ज क्लार्कच्या टेबलावर ठेवून आले. शिक्का नाही, प्रत नाही. याचा राग मला आजही आहे. माणसाने इतकं हुशार असावं आणि इतकं भाबडंही असावं?

रैनी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची माडिया मुलगी. तिच्या गावातून इंजिनिअरिंगला आलेलं दुसरं कोणी नव्हतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव रैनी. आश्रमशाळेत नाव घालताना तिथल्या बाबूला ते नाव वाटलंच नाही, त्याने राणी लिहून टाकलं. दहावी, बारावी सगळीकडे राणी. पण ती पोरगी हट्टाची. कॉलेजात आल्यावर तिने स्वतः धावपळ करून राजपत्रात नाव बदलून घेतलं, आधार बदललं, कॉलेजात अर्ज दिला. कॉलेजने प्रवेशाच्या नोंदीत रैनी केलं. ओळखपत्र रैनी म्हणून मिळालं. त्या दिवशी तिने लॅबमध्ये सगळ्यांना चणे-फुटाणे वाटले होते. सरांनी ओळखपत्र हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "पह्यलेच का नाई भांडली?" सरांच्या तोंडून ही शाबासकी होती.

परीक्षेच्या नोंदीत ती राणीच राहिली होती.

हिवाळी परीक्षेच्या पहिल्या पेपरला हॉल तिकिटावर राणी, आणि ओळखपत्रावर, आधारवर रैनी. बाहेरून आलेल्या केंद्रप्रमुखाने तिला दारात थांबवलं. ती राजपत्राचा कागद शोधायला होस्टेलवर धावत गेली, घेऊन आली, तोवर वेळ संपली. प्राचार्यांनी सांगितलं, विद्यापीठाला विचारतो. विचारलं की नाही देव जाणे. एकदा अडवलेल्या मुलीला विद्यापीठाच्या उत्तराशिवाय घेता येत नाही म्हणून पुढच्या पेपरांनाही तिला बसू दिलं नाही.

मी पहिल्या पेपरच्या दिवशी तिला लॅबच्या पायऱ्यांवर बसलेली पाहिलं. रडत नव्हती. राजपत्राच्या कागदाच्या घड्या नखाने नीट करत होती.

सर आले, तिच्याकडून सगळं ऐकलं. मला वाटलं आता कॉलेज डोक्यावर घेतील. त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्याकडे हात केला. "किल्ली."

मी किल्ली दिली. पासवर्डही मीच टाकला. परीक्षेचे दिवस होते, दुपार होती, सर्व्हररूममध्ये मी त्यांच्या शेजारी उभी होते. आधी त्यांनी सगळ्या नोंदी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. आणखी चार मुलांची नावं जुळत नव्हती. त्यांचे पेपर अजून व्हायचे होते. मग त्यांनी परीक्षेच्या नोंदीतलं नावाचं फील्डच काढलं आणि हॉल तिकीट प्रवेशाच्या नोंदीतून नाव घेईल असं केलं. नवी हॉल तिकिटं छापली. त्या चौघांना नेऊन दिली. चौघंही परीक्षेला बसले.

आता कॉलेजने विद्यापीठाला एवढंच लिहायचं होतं की चूक आमची आहे, या मुलीला पुन्हा बसू द्या. एवढंच.

संस्थेला चूक कबूल करायची नव्हती. दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की सरांनी परीक्षेच्या आधी, माझ्या गैरहजेरीत, परवानगी न घेता सर्व्हरमध्ये फेरफार केले, आणि त्यामुळे काही विद्यार्थ्यांच्या नावांत घोळ झाला.

"सर, हे परीक्षा सुरू झाल्यावर झालं," मी म्हटलं. "पहिल्या पेपरनंतर. मी तिथंच होते."

प्राचार्य अगदी प्रेमाने म्हणाले, "तू तिथं होतीस? म्हणजे किल्ली तू दिलीस? मग तुझ्यावरही चौकशी बसवावी लागेल, बेटा. तुझं कायम होण्याचं पत्र याच महिन्यात आहे ना?"

"त्यांनी आधी अर्ज दिला होता, सर."

"कोणता अर्ज? क्लार्कला विचारलं मी. असा कुठलाच अर्ज नाही. त्यांच्याकडे प्रत असेल तर दाखवा म्हणावं."

मी सही केली.

का केली त्याची कारणं मी सांगत नाही. होती. सगळ्यांकडेच असतात. त्या कागदाखाली तारीखही मीच घातली, हे मात्र सांगायला हवं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या सहीतही ते चांगलंच आलं.

त्या कागदाच्या जोरावर सगळा घोळ सरांच्या नावावर गेला, आणि रैनीचं प्रकरण वादातलं ठरलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत काही करता येत नाही, असं तिला सांगितलं. पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. लुंगी, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. ऑफिससमोर दिवसभर उभे राहिले. सरांनी त्यांना तीनदा आत नेलं, तीनदा बाहेर बसायला सांगितलं गेलं. संध्याकाळच्या गाडीने ते मुलीला घेऊन गेले.

सरांना ज्या दिवशी काढलं त्या दिवशी माझा कागद त्यांना वाचायला दिला होता. मी लॅबमध्ये होते. वरच्या मजल्यावरून त्यांचा आवाज येत होता, प्राचार्यांवर, क्लार्कवर, जिन्यात भेटलेल्या प्रत्येकावर. अर्धी मराठी, अर्धी तेलुगू. कॉलेजातली सगळी दारं बंद व्हायला लागली. आवाज जिन्याने खाली आला, व्हरांड्यातून माझ्याकडे यायला लागला, आणि मी टेबल धरून उभी राहिले. म्हटलं, या. आत या. जे बोलायचं ते बोला.

लॅबच्या दारापाशी आवाज थांबला. नुसत्या चपला वाजत पुढं गेल्या.

पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअरवाल्या माणसाला बोलावून सगळं पूर्वीसारखं करून घेतलं. ते फील्ड परत आलं. मला कायम झाल्याचं पत्र मिळालं.

तीन वर्षं मी त्या लॅबमध्ये मशीन सुरू करत आणि बंद करत राहिले. कर्नलच्या ईमेल यादीवर सरांचे पॅच दिसायचे. हे फील्ड कुणी वाचत नाही, काढलं. ही किंमत दुसरीकडे आहे, काढलं. मी ते उघडायचे, वाचायचे, बंद करायचे. एक शब्द लिहायची हिंमत झाली नाही.

यंदा पुन्हा तेच झालं. सावली तालुक्यातली एक मुलगी. लग्नानंतर आडनाव बदललेलं, एका नोंदीत नवं, दुसऱ्या नोंदीत जुनं. केंद्राच्या दारावर माझीच ड्यूटी होती. तिला अडवायचं काम माझ्याकडेच आलं. ती म्हणाली, "मॅडम, मीच आहे हो ही. दोन्ही मीच आहे." एवढा राग आला मला. मी तिला हाताला धरून आत नेलं, बाकावर बसवलं आणि पर्यवेक्षकाला सांगितलं, हिला कोणी उठवलं तर आधी माझ्याशी बोला. ती पेपर देत होती तेवढ्या वेळात मी लॅबमध्ये जाऊन लिहून काढलं. त्या वर्षी काय झालं, किल्ली कोणी दिली, तारीख कोणती होती, अर्ज कोणी दिला होता, सही माझ्याकडून कशी घेतली आणि मी ती कशी दिली. एक पत्र विद्यापीठाला, एक प्राचार्यांना. दोन्हींवर शिक्का घेतला.

प्राचार्यांनी पत्र वाचलं. "आता हे कशाला उकरतेस? कोणाचा फायदा आहे यात?"

"तुमचा नाही, सर," मी म्हटलं. "आणि कागद फाडू नका. माझ्याकडे शिक्क्याची प्रत आहे."

त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. चौकशी चालू आहे म्हणतात. चालू दे. मी घाबरलेली नाही. मला फक्त रोज सकाळी आठवतं की हेच पत्र तीन वर्षांपूर्वी लिहिता आलं असतं. हाच कागद, हेच अक्षर.

मग मी सिरोंचाला गेले. चंद्रपूरहून सकाळची एसटी धरली. आलापल्लीनंतर रस्ता असा की सीटवर बसणं होत नाही, धरून राहावं लागतं. वाटभर मी ठरवत होते, ते काय बोलतील आणि मी काय ऐकून घेईन. गधडे म्हणतील. दारातून हाकलतील. टेबलावर हात आपटून विचारतील, एंदुकु? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. भीती वाटली, सर. एवढंच.

घर सापडायला वेळ लागला नाही. बहिणीकडे राहतात. अंगणभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आत शिरल्याबरोबर ठसका लागला. सर ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. केस पांढरे झालेले. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"या बाई," ते म्हणाले. "बसा. ऊन लई हाये."

मला वाटलं, ओळखलं नाही.

"सर, मी."

"ओळखलं ना. बसा तुम्ही." त्यांनी आत पाहून तेलुगूत पाणी आणायला सांगितलं. "प्रवास कसा झाला? रस्ता खराब हाये आमचा."

मी पिशवीतून पत्राची प्रत काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, सावकाश. कागद घडी करून मला परत दिला.

"बरं केलं तुम्ही."

"सर, असं नका बोलू. शिव्या द्या मला."

"शिव्या काऊन देऊ? पाहुणे आहात तुम्ही."

मी म्हटलं, "मागच्या महिन्यातला तुमचा पॅच वाचला मी." एक क्षण त्यांचे डोळे हलले. मला वाटलं, आता म्हणतील, वाचला तर सांग त्यात काय होतं. ते म्हणाले, "हो. घेतला त्यायनं."

"रैनी कुठं असते, सर?"

"अहेरीले. ऑनलाइनच्या दुकानात लोकायचे फॉर्म भरून देते. मी दोनदा गेलो होतो. पुन्हा अ‍ॅडमिशन घे म्हटलं. ते म्हणते, सर, आता नाई." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हा कागद तेव्हा पायजे होता, बाई. तेव्हा तिच्या कामी आला असता."

आवाज जराही चढला नव्हता. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

बहिणीने जेवू घातलं. नदीचे मासे आणि भात. सरांनी मला दोनदा वाढायला लावलं. मी निघाले तेव्हा नको नको म्हणत असताना ते स्टँडपर्यंत चालत आले. पाण्याची बाटली घेऊन दिली. कंडक्टरला सांगितलं की बाईंना खिडकीची जागा दे, दुरून आल्या आहेत. गाडी सुटेपर्यंत ते उन्हात उभे होते, डोक्यावर रुमाल धरून. मी खिडकीतून सारखी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एक शिवी. एकच.

गाडी हलली तसे ते दोन पावलं सोबत चालले आणि म्हणाले, "सांभाळून जा तुम्ही."